सहाशे किलोची किट कार रस्त्यावर किती एचपी पेलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे कोल्हापूरचे, सध्या बर्मिंगहॅमला नोकरीला. बॉडी गंजलेली पहिल्या पिढीची १.६ लिटर माझदा एमएक्स-५ स्वस्तात घ्यायची आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (म्हणजे डिफरन्शियल, दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग), हब असं सगळं काढून लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन सीटची उघडी गाडी बांधायची, असा बेत आहे. तयार गाडी ६०० किलोच्या आसपास भरेल. मूळ इंजिन ११५ एचपीचं. मित्र म्हणतात टर्बो लाव, २५० सहज निघतील. वापर म्हणजे रविवारी वेल्सकडे रपेट आणि हवा बरी असली तर एखाद दिवस ऑफिस. ट्रॅकवर जायचं नाही. मग २५० घ्यावेत की ११५ वरच थांबावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या वजनाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि साध्या रस्त्याच्या टायरवर धावणाऱ्या गाडीला १२० ते १६० एचपी खरोखर वापरता येतात. १८० पर्यंत जपून का होईना, पण निभतं. त्यापुढचे एचपी तुमच्याकडे असतील, पण तुम्ही ते वापरणार नाही. पेडल अर्ध्यावर धरून गाडी सांभाळण्यातच तुमचा रविवार जाईल.

'वापरता येणारे' म्हणजे मला काय म्हणायचंय तेही सांगतो, नाहीतर वाद भलतीकडेच जातो. कोरड्या रस्त्यावर, सरळ पट्ट्यात, दुसऱ्या गिअरला पेडल तळाला लावलं आणि मागची चाकं जागेवर न फिरता गाडी पुढे झेपावली, तर ती ताकद वापरली गेली. चाकं फिरली तर तिचा नुसता धूर झाला. तेव्हा खरा प्रश्न मागच्या दोन टायरांची पकड किती, हा आहे. इंजिनाचा प्रश्न त्यानंतर येतो.

आता हिशेब. ६०० किलोची गाडी आणि ८० किलोचा माणूस, एकूण ६८० किलो. यातलं निम्म्याहून थोडं जास्त, धरा ५३ टक्के, मागच्या चाकांवर. वेग घेताना वजन मागे सरकतं, त्याने पकड आणखी वाढते. पण सेव्हनसारखी गाडी जमिनीला चिकटून असते, गुरुत्वमध्य खाली, त्यामुळे उंच गाडीत सरकतं तेवढं वजन इथे सरकत नाही. चांगल्या टायरचा घर्षणांक कोरड्यात ०.९ धरला तर मागची दोन चाकं मिळून सुमारे ३८०० न्यूटनचा रेटा जमिनीला देऊ शकतात. त्याहून एक न्यूटनही जास्त नाही, मग बॉनेटखाली काहीही असो.

हा रेटा ताशी ३० मैलांना टिकवायला गिअरबॉक्स-डिफमधली गळती धरून इंजिनाकडून सुमारे ८० एचपी पुरतात. ६० मैलांना त्याच्या दुप्पट, १६० च्या आसपास लागतात. इथल्या साध्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कायद्याची मर्यादाच ६० मैल, मोटरवेवर ७०. म्हणजे साध्या रस्त्यावर कायद्यात राहून, कोरड्यात, टायर जेवढं घेऊ शकतात तेवढं सगळं द्यायला १६० एचपी भरपूर झाले. आणि तेही मर्यादेला टेकतानाच्या शेवटच्या क्षणी लागतात, त्याआधी नाही.

पाऊस पडला की चित्र आणखी आक्रसतं. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.५५ धरा, रेटा २१५० न्यूटनवर येतो. मग ३० मैलांना इंजिनाचे ४५ एचपी पुरतात आणि ६० ला ९०. ज्या गाडीला मित्रमंडळी किरकोळ म्हणताहेत, त्या ११५ एचपीच्या गाडीकडेही ओल्यात थोडी ताकद शिल्लकच उरते. वेल्सच्या पावसाबद्दल तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. कोल्हापूरकरांना पाऊस शिकवावा असं माझं धाडस नाही.

इथपर्यंत एचपीची भाषा केली, पण उजव्या पायाला जाणवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, गिअरमधून गुणून आलेला. तुमच्या १.६ इंजिनाचा टॉर्क साधारण १३५ न्यूटन-मीटर. माझदाच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ३.१४, दुसरा १.८९, तिसरा १.३३, चौथा थेट १, आणि डिफ ४.३ चं. १८५/६० आर १४ टायरवर याचा हिशेब मांडला तर पहिल्या गिअरमध्ये चाकाशी जवळजवळ ५५०० न्यूटन येतात, म्हणजे चाकं फिरणारच, ती कुठल्याही सेव्हनची फिरतात. दुसऱ्यात येतात ३३००. आपली कोरड्यातली मर्यादा होती ३८००. म्हणजे मूळ इंजिनावर दुसऱ्या गिअरला पेडल बिनधास्त तळाला लावा, टायर धरून ठेवतात. तिसऱ्यात २३२०, आणि ओल्यातली मर्यादा २१५०. म्हणजे पावसात तिसऱ्यातही जरासं जपायचं, एवढंच.

आता यात एक गंमत आहे. या गिअरिंगवर दुसरा गिअर ७००० आरपीएमला ताशी ५८ मैलांवर संपतो. म्हणजे साध्या रस्त्यावर जेवढा वेग कायद्याने चालतो तो जवळजवळ सगळा एकट्या दुसऱ्या गिअरमध्ये बसतो, आणि त्या गिअरमध्ये मूळ इंजिनाची सगळी ताकद वापरता येते. माझदाच्या लोकांनी हे जड गाडीसाठी आखलं होतं. हलक्या गाडीत ते आयतं जुळून आलं.

टर्बो लावून २५० एचपी काढलेत तर टॉर्क ३०० न्यूटन-मीटरपर्यंत सहज जातो. तोच हिशेब परत करा. दुसऱ्यात ७३०० न्यूटन, म्हणजे टायरच्या ताकदीच्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्यात ५१५०, तेही जास्तच. चौथ्यात ३८८०, म्हणजे कुठे एकदाचं जमतं. पण चौथ्यात ४५०० आरपीएमला गाडी ताशी ७० मैलांवर असते. थोडक्यात, ज्या गिअरमध्ये पेडल तळाला लावता येतं, त्या गिअरमध्ये टर्बो भरात येईपर्यंत मोटरवेचीही मर्यादा आलेली असते. खालच्या तिन्ही गिअरमध्ये तुम्ही इंजिनाला सतत 'थांब थांब' म्हणत राहणार. इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलने प्रत्येक गिअरला वेगळा बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, ठेवता येतो, हे मला माहीत आहे. पण मग पैसे खर्चून घेतलेली ताकद परत पैसे खर्चूनच बंद करायची, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

हा सगळा हिशेब सरळ पट्ट्याचा होता. वळणात टायरची पकड दोन कामांत वाटली जाते. गाडी ०.७ जी ने (म्हणजे वजनाच्या ०.७ पट आडव्या जोराने) वळत असेल तर ०.९ मधले पुढे ढकलायला जेमतेम ०.५७ उरतात, म्हणजे ३८०० चे २४०० होतात. त्यात डिफ साधं असेल तर आतलं हलकं झालेलं चाक आधी सुटतं आणि सगळी ताकद तिकडे वाहून जाते. वेल्समधल्या हॉर्सशू पास घाटात वळण सुटता सुटता पाय दाबला की हे कळतं: इंजिनाचा आवाज एकदम चढतो, गाडी आहे तिथेच, आणि मग आतल्या चाकाला पकड मिळते तेव्हा शेपूट बाहेर. रस्त्यावर मेंढ्यांची लेंडकं नाहीतर ओली पानं असली तर विचारूच नका. सेव्हनला एबीएस नसतं, ट्रॅक्शन कंट्रोल नसतं. तो सगळा विभाग तुमच्या घोट्याकडे असतो.

११५ हा आकडा कमीपणाचा वाटतो, कारण तो आपण बंद काचांच्या आधुनिक गाड्यांशी ताडून बघतो. चालकासकट वजन धरा. ११५ एचपी आणि ६८० किलो म्हणजे टनाला १६९. आठव्या पिढीची सुरुवातीची गोल्फ जीटीआय २४५ एचपीची असली तरी चालकासकट दीड टनाच्या वर जाते. टनाला १६० च्या आसपासच येते. तुमच्या गाडीत १६५ एचपी घातले तर टनाला २४३ होतात, आणि हे प्रमाण ३८५ एचपीच्या पोर्शे ९११ कॅरेराचं आहे. पोर्शेचं इंजिन मागच्या चाकांवर बसलेलं, मागचे टायर दीडपटीहून रुंद, वर संगणक राखणदार. २५० ला तुम्ही टनाला ३६८ वर जाता, १८५ च्या टायरवर आणि राखणदाराशिवाय.

या जातीच्या गाड्यांचा इतिहासही हेच सांगतो. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हाल्व्ह इंजिन होतं, ताकद ४० एचपीच्या आसपास, आणि लोकांनी त्यावर शर्यती जिंकल्या. केटरहॅम या ब्रिटिश कंपनीने १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क घेतले, तेव्हापासून तीच गाडी ते सुधारत आलेत. आज त्यांच्याकडे दोन टोकं दिसतात: सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन असलेली १७०, ताकद ८४ एचपी आणि वजन ४४० किलो, दुसरीकडे सुपरचार्जरवाली ६२०, ३१० एचपीची. ६२० अफाट गाडी आहे. पण ती घेणारा ती ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर नेतो, आणि ज्याला गावातल्या बेकरीपर्यंत जाऊन यायचंय तो १७० मध्ये जास्त हसत असतो. मला दोन्हींतली एक फुकट देऊ केली तर ६२० घेईन, विकेन, आणि १७० घेऊन उरलेल्या पैशांत गॅरेजचं छप्पर बदलेन.

थ्रॉटलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'किती एचपी झेपतात' याचं अर्धं उत्तर तिथे असतं आणि कुणी त्याकडे बघत नाही. बटरफ्लाय व्हाल्व्ह पहिल्या काही अंशांत उघडतो तेव्हाच बहुतेक हवा आत येते; खालच्या आरपीएमला पाव उघडल्यावर टॉर्क जवळजवळ पूर्ण मिळालेला असतो. जड गाडीत हे खपून जातं. हलक्या गाडीत, त्यात मोठ्या तोंडाच्या चार थ्रॉटल बॉडी बसवल्या की, पेडल बोटभर हललं तरी गाडी उडी मारते. खड्ड्यात पाय हलला, पेडल हललं, गाडीला हिसका बसला, त्याने पाय परत हलला: हे चक्र सुरू झालं की चांगला चालकही बावळट दिसतो. उपाय स्वस्त आहे. थ्रॉटलच्या केबलची पुली गोल न ठेवता लंबगोल करा, म्हणजे सुरुवातीला केबल मोठ्या त्रिज्येवर ओढली जाईल आणि व्हाल्व्ह हळू उघडेल, शेवटी लहान त्रिज्येवर येऊन भरकन उघडेल. शिवाय पेडलची लांबी आणि केबल अडकवायचं भोक असं निवडा की पायाचा प्रवास जास्त आणि केबलचा कमी होईल. परतीची स्प्रिंग जरा कडक ठेवा, आणि एक नाही, दोन लावा. या एका बदलाने १४० एचपीची गाडी पावसात १०० एचपीइतकी गरीब होते, आणि पेडल तळाला लावलं की पुन्हा १४० ची.

उंच कॅमशाफ्टचा (व्हाल्व्ह जास्त उघडणाऱ्या दांड्याचा) मोहही आवरा. कागदावर १६० दिसतात, पण ते ६५०० च्या वर, आणि ३००० च्या खाली इंजिन खोकतं. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली सर्वसाधारण मर्यादा २० मैलांवर आली आहे. तुमच्या गिअरिंगवर २० मैल म्हणजे दुसऱ्यात २४०० आरपीएम. प्रत्येक गावातून हिसके खात जायचं असेल तर कॅमशाफ्ट जरूर बदला.

बाइकच्या इंजिनाचं विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी विचारेल. लिटरभराच्या सुपरबाइकचं इंजिन हलकं असतं, दीडशेच्या घरात एचपी देतं, टॉर्क शंभराच्या आसपास. टॉर्क कमी म्हणून टायर सांभाळायला सोपं, आणि ४५० किलोच्या गाडीत ते भन्नाट पळतं. पण गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतो, त्याची वेगळी सोय करावी लागते. चढावर ट्रॅफिकमध्ये क्लच भाजतो. आणि तासाभराने कान बोलू लागतात. ऑफिसला न्यायच्या गाडीत नको.

टायर. ट्रॅकवाल्यांचे अर्धे गुळगुळीत टायर बघून वाटतं की पकड वाढली म्हणजे जास्त एचपी पेलतील. कोरड्यात, तापल्यावर, खरं आहे. पण ६०० किलोची गाडी ते टायर रस्त्यावर तापवूच शकत नाही, आणि नोव्हेंबरात सकाळी आठला ते लाकडासारखे असतात. रुंदीचंही तसंच. हलक्या गाडीत हवा १८ ते २० पीएसआयच ठेवावी लागते, ३० भरली तर टायर मधल्या पट्टीवर उभा राहतो आणि गाडी चेंडूसारखी उडते. आणि कमी हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. विमानाच्या टायरांवरून नासाने काढलेलं एक जुनं सूत्र आहे: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३० पीएसआयला ५७ मैल येतात, १८ ला ४४. गाडीच्या टायरच्या खाचा पाणी बाहेर काढतात, म्हणून आकडा तंतोतंत घेऊ नका, पण कल कळतो. तेव्हा १८५ चा, खोल खाचांचा चांगला रस्त्याचा टायर घ्या. १९५ पर्यंत ठीक. २२५ लावून गाडी ट्रॅक्टरसारखी करू नका.

वेळेचा हिशेबही बघा, मनाची खात्री होईल. ३० वरून ६० मैलांवर जायला ११५ एचपीच्या गाडीला सुमारे सव्वातीन सेकंद लागतात. २५० च्या गाडीला, चाकं कशीबशी सांभाळत, अडीच-पावणेतीन, कारण टायर त्याहून जास्त घेतच नाहीत. म्हणजे टर्बो, इंटरकूलर, बदललेलं ईसीयू (इंजिनाचा संगणक), मोठा रेडिएटर, जड एक्झॉस्ट आणि वाढलेला विमा यांच्या बदल्यात हाती येतो अर्धा ते पाऊण सेकंद. त्यात सगळा ऐवज पुढच्या बाजूला २५-३० किलो वाढवतो तो वेगळाच.

मग करायचं काय? गाडी आधी मूळ इंजिनावरच उभी करा. आयव्हीए चाचणीला (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या इथल्या सरकारी तपासणीला) तसंही साधं, आवाज कमी करणारं, प्रदूषणात बसणारं इंजिन सोपं पडतं. कोपऱ्यांच्या गोलाया, आवाज आणि ब्रेकचा पुढचा-मागचा समतोल यांतच परीक्षक तुमचा दिवस काढतील. एक हंगाम चालवा. चालक सीटवर बसवून चारही कोपऱ्यांची वजनं करून घ्या, नुसत्या रिकाम्या गाडीची नको. एवढ्या हलक्या गाडीत ८० किलोचा माणूस म्हणजे वजनाचा आठवा हिस्सा असतो, आणि शेजारी कुणी बसलं की गाडी परत वेगळी वागते. डॅम्पर चांगले घ्या. मर्यादित घसरणीचं डिफ (सुटलेल्या चाकाकडे सगळी ताकद जाऊ न देणारं) मिळालं तर टर्बोचे पैसे तिथे घाला. नंतरच्या १.८ एमएक्स-५ चं सात इंची डिफ टॉर्सन या मर्यादित घसरणीच्या प्रकारातलं मिळालं तर सोडू नका. १.६ चं डिफ सहा इंची आहे, टर्बोवाल्यांचं ते आधी जातं. हलक्या गाडीत चाक आधी सुटत असल्याने डिफवरचा ताण कमी राहतो, तरी मोठं ते मोठंच.

हंगामानंतर आणखी हवेसेच वाटले, तर १.८ इंजिन त्याच माउंटवर बसतं. १३० च्या आसपास एचपी, टॉर्क १५० न्यूटन-मीटर. दुसऱ्या गिअरमध्ये ३६७० न्यूटन येतात, आणि मर्यादा ३८००. याहून नेमकं जुळणारं या गाडीला मला तरी दुसरं काही माहीत नाही. एअर फिल्टर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि नीट मॅप केलेलं ईसीयू घालून ते दीडशेच्या आसपास नेता येतं, तिथे थांबा.

जाता जाता विचारलं होतंत की पुढेमागे परतलो तर ही गाडी कोल्हापुरात रस्त्यावर आणता येईल का. त्या आशेवर बांधू नका. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या गाडीतला मूलभूत बदलही चालू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. घरी बांधलेल्या एकुलत्या एका गाडीसाठी आयव्हीएसारखी सोय तिथे नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता कंपन्या घेतात, माणसं नाही. इथेच बांधा, इथेच चालवा आणि जाताना विका. विकतानाही टर्बोवाल्या घरगुती गाडीपेक्षा मूळ १.८ वाली लवकर जाते, कारण घेणारा आधी बॉनेट उघडून वायरिंग बघतो. म्हणून डोनर गाडीचा, म्हणजे त्या जुन्या एमएक्स-५ चा, वायरिंग लूम (वायरींचा जुडगा) आज कापू नका. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा आणि सगळा एकत्र गुंडाळून ठेवा.